फोटोची किंमत आणि सरांचं गणित

(१९९६च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



समितीचा फोन आला तेव्हा मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर काहीतरी बोल." मी म्हटलं, आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एआयबद्दल रोज सकाळी चहाच्या आधी इतकं ज्ञान येतं की माझ्याकडे वेगळं सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. त्याच ग्रुपवर मी अधूनमधून उमरोळीचे फोटो टाकते. त्याखाली एक प्रश्न नेहमी येतो, "हे विकतेस का? कितीला?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर "हो" आहे. दुसऱ्याचं उत्तर शोधायला मला सहा-सात वर्षं लागली. आज तेवढंच सांगणार आहे. या हॉलमध्ये कोणी पापड-लोणची करतं, कोणी शिकवण्या घेतं, कोणी ब्लाउज शिवतं, कोणी लग्नात गातं. आपल्या हातच्या कामाची किंमत सांगताना ज्याची जीभ अडखळते, त्या प्रत्येकाचा हा विषय आहे.

आधी फोटोंचं वेड कुठून आलं ते सांगते. आपल्या लहानपणी उमरोळीला थांबणाऱ्या गाड्या बोटांवर मोजता यायच्या. पालघर आणि बोईसर यांच्या मधलं आपलं हे स्टेशन. मोठ्या गाड्या धाडधाड करत निघून जायच्या आणि आपण फलाटावर उभे राहून डबे मोजायचो. डहाणूपर्यंत लोकल यायला २०१३ साल उजाडलं. तोवर माझं इंजिनिअरिंग झालं होतं, नोकरी लागली होती, लग्न होऊन मी ऐरोलीला राहायला गेले होते. २०१६ साली बोनस मिळाला तेव्हा मी एक चांगला कॅमेरा घेतला. आईकडे यायचं निमित्त आणि कॅमेऱ्याचं निमित्त एकच झालं. पावसाळ्यात आवणीच्या दिवसांत भातखाचरं आरशासारखी होतात, त्यात ताडाची झाडं उलटी दिसतात. सातपाटीला होड्या लागतात, केळव्याला सुरूच्या बनात संध्याकाळ होते. हे सगळं लहानपणी डोळ्यांसमोरच होतं, पण पाहिलं चाळिशीला आल्यावर.

२०१८ साली ठाण्यात काही हौशी मंडळींनी मिळून एक प्रदर्शन भरवलं. मी १२ फोटो लावले, फ्रेमसकट. किंमत काय ठेवायची? शेजारच्या गृहस्थांनी १,८०० रुपये लिहिले होते. मी विचार केला, ते माझ्यापेक्षा जुने आहेत, त्यांच्याहून जरा कमीच बरं. मी १,५०० लिहिले. माझी किंमत ठरवण्याची पद्धत एवढीच होती: शेजाऱ्याकडे बघायचं आणि लाजायचं.

पहिल्याच दिवशी ११ फोटो गेले! मी घरी जाताना पेढे घेऊन गेले. दोन दिवसांनी सहज बिलं काढून बघितली. १२ बाय १८ इंचांचा एक प्रिंट, चांगल्या, रंग न उडणाऱ्या कागदावर, ९०० रुपये. माउंट आणि फ्रेम १,४००. म्हणजे वस्तू २,३००ची आणि मी ती विकली १,५००ला. एका फोटोमागे ८०० रुपये तोटा, ११ फोटोंमागे ८,८००. ठाण्यातल्या ११ घरांच्या भिंती मी स्वखर्चाने सजवून दिल्या होत्या आणि वर पेढे वाटले होते. प्रिंटचं बिल एका महिन्यात भरलं, फ्रेमचं दुसऱ्या महिन्यात, म्हणून ध्यानात आलं नाही. ऑफिसात मी कोट्यवधी रुपयांच्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर तपासते, हेही तुम्हाला सांगून टाकते.

सर, तुम्ही समोर आहात म्हणून कबूल करते. नफा-तोट्याच्या धड्यात मला पैकीच्या पैकी मार्क होते.

सर गणित तपासताना एक वाक्य लाल पेनाने लिहायचे, आठवतंय का? "शेकडा कशावर, ते आधी लिहा." उत्तर बरोबर असलं तरी ते वाक्य लिहिलं नसेल तर अर्धा मार्क कापायचे. त्या अर्ध्या मार्कावरून मी सरांवर दोन दिवस रुसले होते. पुढे त्याच वाक्याने मला वाचवलं, ते असं.

प्रदर्शनाचा धडा मिळाल्यावर मी वही घातली. एका फोटोचा खरा खर्च किती? प्रिंट आणि फ्रेम २,३००. पॅकिंग आणि कुरिअर ३००. हे झाले २,६००. कॅमेरा आणि लेन्स १ लाख २० हजारांची, ५ वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला २४,०००. हार्ड डिस्क, सॉफ्टवेअर, येण्याजाण्याचा खर्च वर्षाला १६,०००. एकूण ४०,०००. वर्षात माझे साधारण २० मोठे फोटो जातात, म्हणजे एका फोटोवर २,०००. मग वेळ. फोटो निवडणं, रंग बघणं, प्रिंटवाल्याकडे खेपा, गिऱ्हाइकाशी बोलणं, बांधाबांध, असे एका फोटोमागे ३ तास. ताशी ४०० रुपये धरले, म्हणजे १,२००. हा ४००चा आकडा कुठून आला ते पुढे सांगते. एकूण बेरीज ५,८००. ऊन, पाऊस, चिखल आणि पहाटे चारला उठणं यांचे पैसे मी धरलेले नाहीत, ती माझी हौस.

मग एका दुकानाने फोटो ठेवायची तयारी दाखवली, कमिशन ४० टक्के. मी चटकन हिशोब केला: ५,८००वर ४० टक्के चढवले, ८,१२० झाले. लेबल लावणार तेवढ्यात लाल पेन आठवलं. शेकडा कशावर? मी चढवले होते माझ्या खर्चावर, दुकानदार कापणार होता विक्रीच्या किमतीवर. ८,१२०चे ४० टक्के म्हणजे ३,२४८. माझ्या हातात ४,८७२, म्हणजे पुन्हा ९२८ रुपये तोटा! बरोबर गणित असं की ५,८०० हे विक्री किमतीचे ६० टक्के असले पाहिजेत. ५,८०० भागिले ६०, गुणिले १००, म्हणजे ९,६६७. मी लेबल लावलं ९,७००.

सर, तो अर्धा मार्क तुम्ही बरोबर कापला होतात.

आता तुम्ही म्हणाल, दुकानात ९,७०० असू दे, आम्हाला घरून ५,८००ला दे. नाही देत. दुकानदार भाडं भरतो, माणूस ठेवतो, माझे फोटो भिंतीवर मांडतो. त्याच्याकडे बघून जायचं आणि माझ्याकडून स्वस्तात घ्यायचं, असं झालं तर पुढच्या महिन्यात तो माझे फोटो उतरवेल, आणि बरोबर करेल. घरून विकते तेव्हा विकण्याचं काम मीच करते, त्याचे ते पैसे. एका फोटोची किंमत सगळीकडे एकच. ज्यांना एवढे परवडत नाहीत त्यांच्यासाठी पोस्टकार्डाएवढे छोटे प्रिंट २५० रुपयांना ठेवले आहेत. पण मोठ्याची किंमत माणूस बघून बदलायची नाही.

हा झाला खर्चाचा हिशोब. खर्च आपल्याला एवढंच सांगतो की याच्याखाली जायचं नाही. त्याच्यावर किती जायचं ते खर्च सांगत नाही. ते मला फ्लाइंग राणीने शिकवलं.

सुरत-मुंबई फ्लाइंग राणी आपल्याकडे कधीच थांबली नाही, पण ती दुमजली होती म्हणून आपली लाडकी. १९७९ सालापासून तिला ते दुमजली डबे होते. आपण सगळे जन्मल्यापासून ती तशीच बघत आलो. २०१७च्या पावसाळ्यात एका सकाळी ती मुंबईकडे जात असताना मी एका बांधावरून फोटो काढला. खाली पाण्याने भरलेली खाचरं, वर ढग, मध्ये ती दुमजली गाडी आणि पाण्यात तिचं प्रतिबिंब. या फोटोचे मोठे प्रिंट फक्त १५ काढायचे असं मी ठरवलं आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने नंबर घातला. सहा वर्षांत ९ गेले.

जुलै २०२३मध्ये ते दुमजली डबे काढले आणि गाडीला नवे साधे डबे लागले. त्या आठवड्यात मला जेवढे फोन आले तेवढे त्याआधी वर्षभरात आले नव्हते. माझा खर्च एका पैशाने वाढला नव्हता. फोटो तोच होता. बदललं एवढंच, की आता तसा फोटो पुन्हा कोणालाच काढता येणार नव्हता. उरलेल्या सहांची किंमत मी वाढवली. वाढवताना दोन रात्री झोप लागली नाही. गाडी गेल्याचं दुःख सगळ्यांचं आणि पैसे मात्र माझे, असं वाटत होतं. शेवटी वाढवली, कारण सहाव्यानंतर सातवा मला काढता येणार नव्हता. त्या वेळी आणखी ३० प्रिंट काढले असते तर तेही गेले असते. पण आधीच्या ९ जणांना मी पंधराचा शब्द दिला होता. शब्द मोडला असता तर त्यांच्या भिंतीवरच्या फोटोची किंमत मी परस्पर उतरवली असती.

जगात दोन्ही रस्ते आहेत. आन्सेल ॲडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराने १९४१ साली काढलेल्या चंद्रोदयाच्या एका फोटोचे आयुष्यभरात हजाराहून जास्त प्रिंट स्वतः काढून दिले, आणि तरी त्याचं मोल कमी झालं नाही. उलट आंद्रेयास गुर्स्की या जर्मन छायाचित्रकाराने ऱ्हाइन नदीच्या फोटोचे सहाच प्रिंट काढले. त्यातला एक २०११ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ४३ लाख डॉलरला गेला. तुम्ही कोणताही रस्ता घ्या, गिऱ्हाइकाला तो आधी सांगा आणि मग बदलू नका.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला, तिथे येते.

२०१९ साली आपल्याच भागातल्या एका कारखान्यातून फोन आला. नवीन वर्षाच्या कॅलेंडरसाठी त्यांना इथल्या परिसराचे १२ फोटो हवे होते. मी विचारलं, मानधन? तिकडून उत्तर आलं, "मॅडम, प्रत्येक पानावर तुमचं नाव छापू." मला काय आनंद झाला! माझं नाव, १२ पानांवर, ५,००० प्रतींवर. मी त्याच रात्री फोटो पाठवून दिले. नावासाठी हुरळून जाण्यात काही नवल नाही, आपण सगळेच हुरळतो.

इथे मला होमाई व्यारावाला यांची आठवण येते. १९१३ साली नवसारीला जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांचे सुरुवातीचे फोटो 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये छापून आले तेव्हा एका फोटोला एक रुपया मिळायचा. आणि त्या काळात त्यांचे फोटो छापले जायचे पतीच्या नावाने, कारण बाई फोटो काढते हे कोणी मनावर घेत नव्हतं. त्यांना रुपया मिळाला, नाव मिळालं नाही. मला नाव मिळालं, रुपया मिळाला नाही. पण त्यांच्यासमोर दुसरा रस्ता नव्हता. माझ्यासमोर होता, आणि मी तो विचारलासुद्धा नाही.

संक्रांतीला मी उमरोळीला आले होते. आपला एक वर्गमित्र तिळगूळ घेऊन घरी आला. त्याचं नाव घेत नाही, तो इथेच बसला आहे आणि त्याची परवानगी घेऊनच हे सांगते आहे. त्याचा फोटो स्टुडिओ आहे. दहावीनंतर तो वडिलांच्या जागी दुकानात उभा राहिला. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी, शाळांची ग्रुप फोटोग्राफी. भिंतीवर ते कॅलेंडर लागलं होतं. त्याने एकेक पान उलटून बघितलं आणि म्हणाला, "छान आलेत गं. जुलैचा तर एकदम मस्त." मग चहा घेतला. निघताना चपला घालता घालता म्हणाला, "हे कॅलेंडर गेली आठ वर्षं मी करायचो. तीस हजार द्यायचे. या वर्षी म्हणाले, मिळालेत आम्हाला फोटो."

मी काहीच बोलू शकले नाही. तो रागावला नव्हता. एवढंच म्हणाला, "तुझा पगार महिन्याच्या महिन्याला येतो, म्हणून तुला ते परवडलं. मला तो एक महिना होता."

मित्रांनो, तोवर मला वाटत होतं की कमी किंमत म्हणजे नम्रता. मी स्वतःला मोठी छायाचित्रकार समजत नाही, म्हणून कमी घेते किंवा घेतच नाही, यात वाईट काय? वाईट हे, की बाजारात माझी नम्रता कोणाला दिसत नाही. तिथे दिसतो फक्त आकडा, आणि त्या आकड्याशी माझ्या मित्राला स्पर्धा करावी लागते. मी शून्य लावलं की त्याला शून्याच्या खाली जावं लागतं. आपली हौस कोणाची तरी रोजीरोटी असते.

तेव्हापासून किंमत ठरवताना मी वहीत एक वेगळी ओळ घालते: ज्याचं पोट यावर आहे, त्याला या दरात काम करता येईल का? ताशी ४०० रुपये तिथून आले. माझ्या पगारावरून नाही, त्याच्यासोबत बसून ठरवले. दुकानाचं भाडं, वीज, मदतनिसाचा पगार, बिनकामाचे महिने, हे सगळं धरून त्याला ताशी किमान किती सुटायला हवेत, ते त्याने सांगितलं. त्याच्याखाली मी जात नाही.

पुढच्या वर्षी त्याच कारखान्यातून पुन्हा फोन आला. मी एका फोटोचे ४,००० सांगितले, १२ फोटोंचे ४८,०००, आणि म्हटलं, याहून कमीत हवं असेल तर तुमच्या आधीच्या स्टुडिओवाल्यांशी बोला. तिकडून उत्तर आलं, "गेल्या वर्षी तर फुकट दिले होते." इथे गोष्ट गोड व्हायला हवी, पण ते काम मलाही मिळालं नाही आणि मित्रालाही परत मिळालं नाही. त्यांना नाव छापून घ्यायला उत्सुक असलेलं दुसरं कोणीतरी मिळालं. एकदा शून्यावर आणलेला दर पुन्हा वर चढवायला फार कष्ट पडतात, आणि तो शून्यावर आणणारी मीच होते.

या व्यवहारातून दुसरी एक गोष्ट कळली, जी मला नोकरीमुळे आधीच माहीत असायला हवी होती. आमच्या धंद्यात आम्ही सॉफ्टवेअर विकत नाही, ते वापरायची परवानगी विकतो. किती माणसं वापरणार, किती वर्षं वापरणार, त्यावर पैसे. फोटोचंही अगदी तसंच आहे. भिंतीवर लावायला प्रिंट घेणं वेगळं आणि तो फोटो छापायला घेणं वेगळं. प्रिंट विकत घेतला म्हणजे फोटोचे हक्क विकत घेतले असं होत नाही. म्हणून कोणी छापायला मागितला की मी चार प्रश्न विचारते. कुठे वापरणार? किती काळ? किती प्रती? आणि फक्त तुम्हालाच द्यायचा की इतरांनाही देऊ? गावच्या जत्रेच्या पत्रिकेचा दर आणि हायवेवरच्या होर्डिंगचा दर एक कसा असेल?

आणि हे सगळं कागदावर. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता धरला जातो. ज्यांचे स्टुडिओ आहेत त्यांच्यासाठी आणखी एक: गिऱ्हाइकाने पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचे हक्क, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाइकाचे असतात. लग्नातला एखादा फोटो तुम्हाला दुकानाच्या बोर्डावर लावायचा असेल तर बुकिंगच्या कागदावर ते आधीच लिहून घ्या. आपल्या मित्राला मी असा एक पानी मराठी कागद करून दिला. त्याच्या बदल्यात त्याने मला फ्रेम स्वस्तात पण चांगली कशी करायची ते शिकवलं. हा व्यवहार मात्र दोघांनाही फायद्याचा झाला.

आता शेवटचा मुद्दा. याचं उत्तर अजून मला पूर्ण मिळालेलं नाही.

माझा सगळ्यात जास्त विकला गेलेला फोटो आवणीचा आहे. चिखलात वाकलेल्या सहा बायका, आणि त्यातली एक मान वर करून हसते आहे. त्या मावशी आमच्या घरापासून दहा मिनिटांवरच्या पाड्यावर राहतात. मी त्यांना प्रिंट नेऊन दिला. त्यांनी तो पदराने पुसला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "असे विकतेस काय? कितीला गेला?"

मी ९,७०० म्हणायला धजावले नाही. "जातात काही," असं काहीतरी पुटपुटले. किंमत सांगायची माझी लाज इतक्या वर्षांनी गेली होती, ती त्या अंगणात परत आली. कारण तो आकडा ऐकून त्या पहिला हिशोब काय करणार, हे मला माहीत होतं. आवणीच्या किती दिवसांची मजुरी?

फोटो मी काढला, हे खरं. पण तो विकला जातो त्यांच्या हसण्यामुळे, हेही खरं. कायद्याने हक्क माझा आहे. तेवढ्यावर मला स्वस्थ बसता आलं नाही. आता ज्या फोटोत माणूस ओळखू येतो, त्याच्या विक्रीतून खर्च जाऊन जे उरतं त्याचा चौथा हिस्सा मी त्या माणसाकडे पोचवते. आणि कोणाचा चेहरा असलेला फोटो जाहिरातीला मागितला, तर त्या माणसाला विचारल्याशिवाय देत नाही. चौथाच का, अर्धा का नाही? माझ्याकडे याचं गणित नाही. दुसऱ्या वेळी मी मावशींना आकडा खरा सांगितला. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग पुढच्या वेळी सांगून ये. चांगलं लुगडं नेसते." मी म्हटलं, मावशी, तसा तो विकला जाणार नाही. त्या म्हणाल्या, "मग नको विकूस. माझ्या घरात लाव." तो फोटोही मी काढला. तो विक्रीला नाही.

इथे वारली चित्रांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या भागात लग्नघरच्या भिंतीवर बायका चौक लिहायच्या, त्याला किंमत नव्हती, मान होता. १९७०च्या दशकात ती चित्रं कागदावर आली, गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली आणि त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. मग तीच नक्षी कपांवर, साड्यांवर, विमानतळांच्या भिंतींवर दिसू लागली. भौगोलिक मानांकन मिळायला मात्र २०१४ उजाडलं. भिंतीवर असेपर्यंत किंमत लावली नाही तरी चालतं. बाजारात गेल्यावर आपण लावली नाही, तर दुसरं कोणीतरी लावतं आणि पैसेही तोच नेतो.

मग फुकट कधीच द्यायचं नाही का? द्यायचं, जरूर द्यायचं. पण स्वस्त द्यायचं नाही. देणगी वेगळी आणि पडेल भाव वेगळा. या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर आपल्या शाळेचा जो फोटो आहे, तो मी दिला आहे. समितीच्या खजिनदारांना मी त्याचं रीतसर बिल पाठवलं. ते बघून त्यांनी मला रात्री अकरा वाजता फोन केला, "अगं, ६,००० रुपये? आपल्या जेवणाच्या बजेटला धक्का लागेल!" मी म्हटलं, खालची ओळ वाच. खालच्या ओळीत लिहिलं होतं: "शाळेचं देणं, वजा ६,०००. बाकी शून्य."

त्यांना तो विनोद वाटला, पण मी तसं मुद्दाम केलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या तुकडीची समिती मुखपृष्ठासाठी आपल्या मित्राच्या स्टुडिओत जाईल, तेव्हा त्यांच्या फायलीत "गेल्या वर्षी फुकट मिळाला" असं लिहिलेलं नसेल. ६,००० लिहिलेले असतील. आणि तो फोटो त्यांनी त्याच्याकडूनच घ्यावा, जेवणात एक गोड पदार्थ कमी करावा लागला तरी चालेल, अशी माझी सगळ्या तुकड्यांना हात जोडून विनंती आहे.

सर, हिशोब तपासून बघा. या वेळी शेकडा कशावर ते लिहिलं आहे.